अबू शुरूकच्या आवाजाचं बटण

जाहाची कॉफी थंड झालेली मी उभ्या आयुष्यात एकदाच पाहिली, आणि नशीब बघा, ती माझ्या सख्ख्या भाच्याच्या जाहात.

जाहा म्हणजे मुलीला मागणी घालायला निघालेली पुरुषांची पलटण. इस्त्रीचे कोट, डोक्याला लाल-पांढरे रुमाल आणि सगळ्यांत पुढे एखादा वजनदार म्हातारा. मुलीचा बाप कडू कॉफी देतो. आमचा म्हातारा पेला घेतो, ओठाला न लावता समोर ठेवतो आणि सांगतो, मागणं मान्य झाल्याशिवाय आम्ही हिला तोंड लावणार नाही. बाप म्हणतो, प्या कॉफी, मुलगी तुमचीच. संपलं! यात कुणाच्या छातीत धडधडायचं काही कारण नसतं, कारण बायकांनी सगळं आधीच ठरवलेलं असतं. अंगठी, हॉल, नव्या घराच्या पडद्यांचा रंगसुद्धा. पुरुषांनी फक्त गंभीर चेहरे करून बसायचं. आम्हाला त्या दिवशी तेवढंही जमलं नाही.

मी अबू जलाल. इर्बिद शहरात विद्यापीठ रस्त्यावर माझं नळ-तोट्यांचं दुकान आहे. उबैदा माझ्या बहिणीचा मुलगा. त्याचा बाप लवकर गेला. मला खालो म्हणतो, म्हणजे मामाच, पण बापाच्या जागी मीच. पोरगा गुणी आहे हो. सिगरेट नाही, हुक्का नाही, रात्रीचं भटकणं नाही. व्यसन एकच. लिनक्स.

हे लिनक्स काय असतं ते त्यानं मला पुष्कळदा समजावलं. मला कळलं ते एवढंच, की बाकीचं जग कम्प्युटर सुरू करतं आणि कामाला लागतं. ही मंडळी कम्प्युटर सुरू करतात आणि कम्प्युटरच्याच कामाला लागतात. माझ्या दुकानातला कम्प्युटर त्यानं एकदा सुधारला. त्यानंतर साधं बिल छापायचं तरी मला त्याला फोन करावा लागायचा. हा वर खुशीत सांगायचा, "खालो, आता तो तुमचा गुलाम आहे, तुम्ही त्याचे नाही." गिऱ्हाईक काउंटरवर बोटं वाजवत उभं, आणि मी मालक!

शुरूक त्याला भेटली तीही यातच. विद्यापीठात या लोकांचा मेळावा भरायचा. तिथं हा तिला काहीतरी शिकवायला गेला आणि तिनं चारचौघांत याचीच चूक काढून दाखवली. घरी येऊन हा जेवला नाही. बहीण घाबरून माझ्याकडे आली, म्हणाली, "याला ताप आहे का बघ." मी बघितलं. म्हटलं, "ताप नाही. गेला कामातून."

शुरूकचे वडील भूगोलाचे मास्तर होते, आता निवृत्त. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा नाही, एकुलती एक मुलगी, म्हणून लोक त्यांना तिच्याच नावानं अबू शुरूक, म्हणजे शुरूकचा बाप, म्हणू लागले आणि त्यांनीही ते मानानं मिरवलं. कानानं जरा कमी ऐकू येतं, आणि उजव्या हाताला कंप. पण स्वभाव लोण्यासारखा. माझी बहीण म्हणाली होती, "अबू शुरूकची काही अडचण नाही, ते कशालाच नाही म्हणत नाहीत." बायकांच्या या असल्या वाक्यांवर विसंबून आम्ही पुरुष घराबाहेर पडतो.

जाहाच्या पुढं मी फव्वाज बाशांना घेतलं होतं. निवृत्त जनरल, म्हणून मानानं बाशा. अर्ध्या इर्बिदची लग्नं त्यांनी जमवलीत आणि उरलेल्या अर्ध्याची भांडणं मिटवलीत. जमिनीचा तंटा असो की डोकं फुटलेलं असो, बाशा मध्ये बसतात, निम्मं याला, निम्मं त्याला, आणि दोघांना एकमेकांच्या कपाळाचा मुका घ्यायला लावतात. उबैदाच्या बाजूला त्याचा जिवलग मित्र कुतैबा. तोही लिनक्सवालाच. जिवलग अशासाठी, की दोघांचं कुठल्याच गोष्टीवर पटत नाही.

तिसऱ्या प्रहरची नमाज आटोपून आम्ही अबू शुरूकच्या बैठकीत बसलो. आतल्या खोलीत बायका. स्वयंपाकघरातून कुनाफ्याच्या, म्हणजे आमच्या चीजच्या मिठाईच्या, तुपाचा वास येत होता. बाशांचं भाषण झोकात झालं. घराण्याची कीर्ती, मुलाचे गुण, देवाची मर्जी. कॉफी आली. बाशांनी पेला टेबलावर ठेवला आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "अबू शुरूक, आम्ही तुमच्या दारात आलोय. शब्द मिळाल्याशिवाय हा पेला उचलणार नाही."

अबू शुरूकनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. म्हणाले, "बाशा, तुम्ही माझ्या घरी आलात, हा माझा मान. पण माझी एक अट आहे."

अट? आत्ता? हे तर बायकांच्या यादीत नव्हतं! मला वाटलं, सोनं वाढवून मागणार.

"माझ्या कम्प्युटरच्या आवाजाची बटणं चालत नाहीत," अबू शुरूक म्हणाले. "ती चालू करून द्या आणि कॉफी प्या."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"एवढंच?" बाशांनी विचारलं.

"तुम्हाला एवढंच वाटेल." त्यांनी उजवा हात पुढं केला. तो थरथरत होता. "या हातानं माऊस धरला की पडद्यावरचा बाण माशीसारखा फिरतो. ती आवाजाची बारीक रेघ काही केल्या सापडत नाही. कीबोर्डवर कर्ण्याची चित्रं असलेली चांगली मोठी बटणं आहेत, पण ती मेलेली. आजपर्यंत मी शुरूकला हाक मारायचो आणि ती येऊन आवाज कमी-जास्त करायची. ती तुमच्या घरी आली की मी कुणाला हाक मारू? भिंतीला?" त्यांचा आवाज जरा कापला, मग एकदम करडा झाला. "हा मुलगा याच विद्येतला आहे म्हणे. ज्याला माझं एक बटण सांभाळता येत नाही, त्याच्या हाती मी मुलगी देणार नाही. स्पष्ट सांगतो."

हसणारा गप्प झाला. उबैदा मात्र उजळला! असा उजळला, जणू अट घातली नाही, हुंडाच दिला. "अम्मो, पाच मिनिटांचं काम!" अम्मो म्हणजे काका, होणाऱ्या सासऱ्यालाही तेच म्हणतात.

याच्या पाच मिनिटांपायी माझं दुकान एकदा दोन दिवस बंद होतं. पण बोलायची सोय नव्हती.

कम्प्युटर बैठकीतच कोपऱ्यात होता. उबैदा जाऊन बसला आणि अख्ख्या जाहानं आपापल्या खुर्च्या तिकडं वळवल्या. त्यानं पडद्यावर हुकूम लिहायची एक काळी खिडकी उघडली. कर्ण्याचं बटण दाबलं. पडद्यावर काहीतरी अक्षरं उमटली.

"बघा!" तो म्हणाला. "बटण मेलेलं नाही. ते नीट ओरडून सांगतंय, आवाज वाढवा म्हणून. पण ते ऐकायला आत कुणी नेमलेलंच नाही."

"म्हणजे चौकी आहे, पण पहारेकरी नाही?" बाशांनी विचारलं.

"अगदी बरोबर, बाशा."

"मग नेमा की! वाट कसली बघताय?"

"पण मुळात नाही का?" मी विचारलं. "माझ्या शेजाऱ्याच्या कम्प्युटरला तर आपोआप चालतं."

उबैदानं माझ्याकडे दयेनं बघितलं. "खालो, ते सगळं सामानसुमान भरलेलं घर असतं, नोकरचाकर आयते मिळतात. शुरूकनं यात लिनक्सचं रिकामं घर घेतलंय. एकेक माणूस आपणच नेमायचा."

"कशासाठी?"

"स्वातंत्र्य."

"कुणाचं?"

त्याला उत्तर सुचायच्या आत कुतैबा खुर्ची सरकवून पुढं आला. "तू त्या चित्राच्या बटणांना बांधतोयस? शोभतं का तुला? कीबोर्डवरचं ते खिडकीच्या खुणेचं बटण आणि सोबत एक अक्षर, ही खरी पद्धत. जाणत्या माणसाचा हात अक्षरांवरून हलता कामा नये."

"अरे, अम्मोंचा हात न हलवताच हलतो, त्याचं काय?" उबैदा बोलून गेला आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. कानापर्यंत लाल झाला. सगळ्यांत मोठ्यानं अबू शुरूकच हसले, म्हणून वाचला.

पण कुतैबा काही हटेना. चित्राची बटणं बाळबोध लोकांसाठी असतात म्हणाला. उबैदा म्हणाला, तुझी पद्धत म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. मग काय, दोन्हीकडून तोफा सुटल्या. मी भाच्याची बाजू घेतली, कळत काही नव्हतं तरी. मी घेतली म्हणून उबैदाच्या चुलत्यांनी कुतैबाची घेतली, त्यांनाही कळत नव्हतं. ज्यांना लिनक्स खायचं असतं की अंगाला लावायचं हे ठाऊक नाही, असे दाढीवाले बाप्ये उभे राहून एकमेकांना विचारायला लागले, "चित्र की अक्षर? बोल, चित्र की अक्षर?" आतून बहिणीचा मला मोबाइलवर निरोप आला, "काय चाललंय? नाही म्हणाले का?" मी लिहिलं, "बटण." तिनं विचारलं, "कसलं बटण? कोटाचं?"

अखेर बाशांनी हात वर केला आणि सगळे बसले. बाशांनी डोळे मिटले, मिशीवरून बोट फिरवलं आणि निवाडा दिला.

"आवाज वाढवायचा तो उबैदाच्या पद्धतीनं, चित्राच्या बटणानं. कमी करायचा आणि बंद करायचा तो कुतैबाच्या पद्धतीनं, अक्षरांनी. दोघांची इज्जत राहिली. उठा, कपाळाचा मुका घ्या."

दोघांनी मुका घेतला. "अल्लाह बाशांना उदंड आयुष्य देवो!" सगळे म्हणाले. मी नळवाला माणूस. गरम पाण्याची तोटी एका बनावटीची आणि थंडाची दुसऱ्या बनावटीची बसवली की न्हाणाऱ्याचे काय हाल होतात ते मी बघितलंय. पण बाशांच्या निवाड्यावर बोलणार कोण?

ओळी लिहून झाल्या तेव्हा मला वाटलं, सुटलो. कसलं काय! उबैदाला वाटलं, आवाज वाढताना पडद्यावर पट्टी दिसली पाहिजे. पट्टी दिसली तर ती हिरवी हवी. हिरवी झाली तर तिचे कोपरे गोल हवेत. कुतैबालाही आता उत्साह आला. कोपऱ्यांवर दोघांचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं. इकडं कॉफीवर साय धरायची बाकी होती. बाशा दर थोड्या वेळानं पेल्याकडे बघायचे आणि मान फिरवायचे. त्यांना कॉफीची तलफ फार, हे सगळ्या गावाला ठाऊक. कुनाफ्याचा वाससुद्धा आता वास राहिला नव्हता, छळ झाला होता.

"बाळा," मी दात चावून म्हटलं, "कोपरे लग्नानंतर कर."

"झालंच, खालो." त्यानं दाबून दाखवलं. वाढला. कमी झाला. बंद झाला. टाळ्या पडल्या.

"मला करून बघू दे," अबू शुरूक म्हणाले आणि खुर्चीत बसले. त्यांनी कीबोर्ड इंग्रजीवरून अरबीवर नेला, तेवढं त्यांना येत होतं. एकेक अक्षर शोधत त्यांच्या आवडीच्या जुन्या गायिकेचं नाव लिहिलं. गाणं सुरू झालं. त्यांनी कर्ण्याचं बटण दाबलं, आवाज वाढला. चेहरा लहान मुलासारखा फुलला हो त्यांचा! आनंदानं हात आणखीच थरथरायला लागला आणि बोट त्या बटणावर टकटक टकटक पडत राहिलं. प्रत्येक टकटकीला आवाज एक पायरी चढला. हिरवी पट्टी शंभरावर गेली, आणि तिथं थांबलीच नाही. खिडक्यांच्या काचा वाजायला लागल्या.

"शंभराच्या वर कसा गेला रे?" मी ओरडून विचारलं.

"जातो, खालो! आपण अडवलं नाही तर जातो!"

आणि नेमकी तेव्हाच समोरच्या मशिदीची मगरिबची, सूर्यास्ताची, अजान सुरू झाली.

अजान सुरू झाली की आमच्याकडे टॅक्सीवालासुद्धा रेडिओ बंद करतो. ज्याला नमाजेचं अगत्य नाही तोही करतो. ती रीत आहे. आणि इथं गावातल्या सर्वांत मानाच्या जाहात, जनरलच्या साक्षीनं, ती बाई शंभराच्या वर प्रियकराला रात्रीची बोलवत होती!

उबैदानं खिडकीचं बटण आणि अक्षर दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. कुतैबानं त्याला ढकलून स्वतः दाबलं. तेच. कीबोर्डवर आवाज बंद करायचं बटण, चित्रासकट, ढळढळीत समोर होतं, पण ते दाबून उपयोग नव्हता. निवाड्यात ते कुतैबाच्या वाट्याला आलं होतं आणि कुतैबानं ते तत्त्वापायी वापरलंच नव्हतं. उबैदा काळ्या खिडकीत घाईघाईनं हुकूम लिहायला गेला, तर अरबी अक्षरांचा नुसता लोंढा उमटला.

"वायर ओढा! वायर!" कुणीतरी ओरडलं. वायर शिसवी कपाटामागं. चार जण कपाटाला भिडले. बाकीचे तोबा-तोबा करत कानांवर हात ठेवून उभे. बाशांनी अंगावरचा उंची अबाया, म्हणजे पुरुषांचा मानाचा झगा, काढला आणि एका कर्ण्यावर टाकला, तशी ती बाई अबायाच्या आतून घोगऱ्या आवाजात गायला लागली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. गेलं लग्न, म्हटलं. गेलंच.

आतलं दार धाडकन उघडलं आणि शुरूक आली. जाहात मुलीनं पुरुषांसमोर असं यायचं नसतं. ती आली, सरळ कम्प्युटरपाशी गेली, दोन बटणं एकत्र दाबली, मग खिडकीचं बटण आणि अक्षर. गाणं थांबलं. अजान स्वच्छ ऐकू आली आणि सगळे जागच्या जागी थिजले.

अजान संपेपर्यंत ती मान खाली घालून उभी राहिली. मग हळूच उबैदाला म्हणाली, "बाबांनी कीबोर्ड अरबीवर नेला होता. इंग्रजी अक्षराला बांधलंस, ते अरबीत कसं ऐकेल? इर्बिदमध्ये जन्मलास ना रे?"

उबैदा आणि कुतैबा दोघांनी एकाच वेळी कपाळावर हात मारला. आयुष्यभर अरबी बोलणारे, अरबीत भांडणारे आणि अरबीत प्रेमात पडणारे हे दोन शहाणे, आणि समोरचा म्हातारा अरबीत लिहील हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

आम्ही तिथंच नमाज पढलो. बाशांनी पुढं उभं राहून पढवली, जरा लांबवलीच. सगळे परत खुर्च्यांवर बसले. कॉफी आता पार गार. कुणी कुणाकडे बघेना.

"अम्मो," उबैदा उठून म्हणाला. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. "एकदा संधी द्या."

अबू शुरूकनी मान हलवली. हा जाऊन बसला. हिरवी पट्टी काढली, गोल कोपरे काढले, अक्षरं काढली. बाशांनी तोंड उघडलं, पण मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. माझी ही हिंमत कुठून आली मलाच कळलं नाही. कुतैबासुद्धा गप्प बसला. उबैदानं वाढवायला चित्राचं बटण, कमी करायला चित्राचं बटण, बंद करायला चित्राचं बटण, अशा साध्या ओळी लिहिल्या आणि शंभरावर आवाज जाणार नाही अशी मेख मारून ठेवली. मग बाजूला झाला.

अबू शुरूक बसले. कीबोर्ड अरबीवर. गाणं लावलं. वाढवलं, वाढलं. कमी केलं, झालं. बंद केलं, बंद. पुन्हा सुरू केलं. सगळं चाललं.

आता 'प्या कॉफी' म्हणतील म्हणून आम्ही सगळे पुढं झुकलो. बाशांचा हात पेल्याकडे निघालासुद्धा. पण अबू शुरूक त्या बटणाकडेच बघत बसले. मग त्यांनी शुरूककडे बघितलं. ती दारातच उभी होती.

"हे तुला दुरुस्त करता येत होतं?"

"हो, बाबा."

"इतकं सोपं होतं?"

"हो."

"मग इतके दिवस मला का नाही दुरुस्त करून दिलंस?"

तिनं आम्हा सगळ्यांकडे एकदा बघितलं. एवढ्या पुरुषांत बोलावं की नाही हा प्रश्न असेल. अबू शुरूक म्हणाले, "बोल. हे आता घरचेच आहेत की नाहीत ते तुझ्या बोलण्यावर ठरेल."

"मुळात मीच करून दिलं होतं, बाबा," ती म्हणाली. "कम्प्युटर बसवला तेव्हाच. चांगला आठवडाभर चाललं. तुम्ही एकटे इथं बसायचात आणि मी आत काम करायची. संध्याकाळभर आपण एक शब्द बोलायचो नाही. मग एक दिवस तुम्ही हाक मारलीत, बटण बिघडलंय म्हणून. मी येऊन बघितलं. बटण ठणठणीत होतं." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मी तुम्हाला काही बोलले नाही. रात्री त्या ओळी काढून टाकल्या."

अबू शुरूकचं तोंड उघडंच राहिलं. "तू काढल्यास? अगं, मी खोटं बोललो होतो! बिघडलंय म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी दाबून बघतो तर खरंच बिघडलेलं. मला वाटलं, अल्लाहनं थोबाडीत मारली. तेव्हापासून मी पहाटेच्या फजरची एक नमाज चुकवली नाही!"

बैठक खदखदून हसली. बाशा तर मिशा पुसत हसले, आणि पुसता पुसता डोळेही पुसले. शुरूकही हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी आपला उगाच छताच्या पंख्याकडे बघत बसलो.

हसणं ओसरलं तसे अबू शुरूक उबैदाकडे वळले. "तू आता लिहिलंस ना, ते पुसून टाक."

"पण अम्मो, चालतंय!"

"चालतंय म्हणूनच सांगतोय. बटण चाललं, की आवाज कमी करायला कुणाला यावं लागत नाही."

उबैदाचा चेहरा मी बघत होतो. या पोरानं माझ्या दुकानात चाललेल्या कितीतरी गोष्टी बिघडवल्या, पण सुधारतोय असं समजून. चाललेली गोष्ट जाणूनबुजून मोडायची, हे त्याच्या जातीला मान्य नाही. तो कीबोर्डकडे बघत होता, शुरूककडे बघत होता, परत कीबोर्डकडे.

"मग आवाजाचं काय करणार तुम्ही?" त्यानं विचारलं.

"हाक मारणार."

"कुणाला?"

अबू शुरूक नुसते बघत राहिले त्याच्याकडे. माझ्या मनात आलं, उत्तर दे रे गाढवा, हीच खरी अट आहे, बाकी सगळं फोल होतं.

"मी येईन," उबैदा म्हणाला. "आमचं घर दोन गल्ल्या पलीकडेच घेतलंय."

"रोज येशील?"

"रोज."

"आणि माझ्या पाठीमागं गुपचूप दुरुस्त करणार नाहीस?"

इथं मात्र त्यानं कीबोर्डवर एक शेवटची नजर टाकली. "नाही करणार, अम्मो. वल्लाह, अल्लाहची शपथ."

तो बसला आणि त्यानं एकेक ओळ पुसली. हात जड झाला होता त्याचा, मला दिसत होतं. कुतैबानं दुसरीकडं तोंड फिरवलं, त्याला बघवेना.

"बाशा," अबू शुरूक म्हणाले, "प्या कॉफी. मुलगी तुमचीच."

बाशांनी ती गार, कडू कॉफी एका घोटात संपवली आणि तोंड वाकडं होऊ दिलं नाही. जनरल झाले ते उगाच नाही. आत बायकांनी आनंदाचा एकच कल्लोळ केला. कुनाफा आला. कुणीतरी ते गाणं पुन्हा लावलं आणि पुन्हा फार मोठं लावलं. अबू शुरूकनी मान वर केली.

त्यांनी हाक मारायच्या आतच उबैदा ताटली ठेवून उठला. "मी करतो, अम्मो."

"तू बस," ते म्हणाले. "तुझी पाळी लग्नानंतर." आणि दाराकडे वळून मोठ्यानं हाक मारली, "शुरूक! अगं, आवाज कमी कर जरा!"

ती आली. त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून वाकली आणि माऊस धरला.

"एवढा पुरे, बाबा?"

"अजून थोडा," अबू शुरूक म्हणाले. "सावकाश कर."